घड्याळाचा पट्टा

गुडघा बरगडीत बसला तेव्हा कोरड्या फळीला तडा जावा तसा आवाज झाला, आणि मार खाणारा तरुण दोरीला लटकत खाली घसरला. त्याच्या तोंडातून लाळेत मिसळलेलं रक्त गादीवर ठिबकलं. बाकावर बसलेल्या मिस्त्रीने समाधानाने मान हलवली.

"ही विद्या कामाची," तो शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाला. "सकाळचे ते कराटेवाले नुसते हवेला मारत होते. हवेचं काय जातं?"

"बाबा, त्याला श्वास घेता येत नाहीये."

"घेईल. तासल्याशिवाय लाकूड आकाराला येत नाही."

मुलीने ओठाला रुमाल लावला. तिच्या खालच्या ओठावर तीन टाके होते, बोललं की ओढ बसायची. चोविशीची झाली, औषधांच्या दुकानात कामाला लागली, तरी मिस्त्री तिला चिमणीच म्हणायचा. हाडंही तशीच होती तिची, फुंकर मारली तर उडेल अशी.

मागच्या आठवड्यात, भर दुपारी, ती जेवायला घरी येत होती. बोळात एका माणसाने मागून केस धरले, डोकं भिंतीवर आपटलं, तोंडावर दोन ठोसे मारले आणि पर्स घेऊन चालता झाला. पळाला नाही, चालत गेला. ते मिस्त्रीला सोसत नव्हतं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने सगळं पाहिलं होतं. तो धावत येईपर्यंत संपलं होतं. म्हणाला, पोरगी ओरडली नाही, हात उगारला नाही. डोळे मिटून, संपायची वाट बघत उभी राहिली.

"मेंढरासारखी उभी कशी राहिलीस?" मिस्त्रीने घरी विचारलं होतं. मग राग बायकोवर वळला. बोळातली जवळची वाट तिनेच दाखवली होती ना पोरीला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, टेबलावर पालथं ठेवलं, आणि थोड्या वेळाने चिमणीची आई चुलीजवळच्या कोपऱ्यात दोन्ही कान धरून बसलेली होती. घड्याळ काढायची सवय कामातली. रंधा हातात घेण्याआधी तो ते असंच काढून ठेवायचा, काचेवर ओरखडा नको म्हणून. घरातही हात तसाच चालायचा. पण ते घरातलं होतं. बोळातल्या त्या हरामखोराची गोष्ट वेगळी.

किकबॉक्सिंगचा उस्ताद टॉवेलने मान पुसत त्यांच्याजवळ आला. चिमणीला त्याने खालीवर पाहिलं.

"सहा महिने लागतील. आधी मार खायची सवय लावावी लागते. ती लागली की बाकी सोपं."

चिमणी उठली.

"बाबा, पुढचं बघू."

पुढचं म्हणजे एका छापखान्याच्या वरचा लांबट हॉल. दारावर ज्युडोची पाटी, जमिनीवर चिकटपट्ट्यांनी जोडलेल्या गाद्या, आणि त्यांच्या मधोमध एक ठेंगणी, पन्नाशीची बाई. तिचा डावा कान पिळून टाकलेल्या फडक्यासारखा झाला होता. सगळे तिला नुसतं बाईच म्हणत असावेत, कारण तिनेही दुसरं काही सांगितलं नाही.

"दोन ठिकाणं पाहून आलोय," मिस्त्री म्हणाला. "ही शेवटची. तुमची विद्या भारी की त्यांची, ते सांगा."

बाईने त्याच्या हातांवरचे घट्टे पाहिले. "तुम्ही मिस्त्री ना? करवत भारी की पटाशी?"

"काम बघून."

"मग काम सांगा. कोणापासून वाचायचंय?"

प्रश्न चिमणीला होता. मिस्त्रीच बोलला.

"रस्त्यावरची कुत्री असतात ना, दोन पायांची. त्यांच्यापासून."

बाईने तरी चिमणीकडेच पाहिलं. ती गादीच्या शिवणीकडे बघत होती.

"बरं," बाई म्हणाली. "नाव ज्युडोचं आहे, पण नवख्यांना मी आधी सुटका शिकवते. दोन वार आणि पळायचं. थांबून बघत बसायचं नाही. तळहाताची टाच त्याच्या नाकाखाली, वरच्या दिशेने. मग गुडघा. कळलं?"

बाईने छातीशी जाड उशी धरली. चिमणीने मारलं. माशी हाकलावी तसं. पुन्हा मारलं, पुन्हा माशीच उडाली. पंधरा मिनिटं झाली, तिचं कपाळ घामाने भिजलं, पण उशीला खळगी पडेना.

"आता केस धरते हं," बाई म्हणाली आणि मागून मूठ भरून केस ओढले.

चिमणी सुटायला धडपडली नाही. तिची हनुवटी छातीला लागली, खांदे वर आले, तळवे कानांवर बसले, आणि ती खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली. बाईने तात्काळ केस सोडले.

"हे कुठे शिकलीस?"

"काय?"

"हनुवटी आत, हात कानांवर. नवखं माणूस हात पुढे करतं."

"भित्री आहे हो लहानपणापासून," मिस्त्री बाकावरून म्हणाला. "आईवर गेलीय."

बाईने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बाईमाणसाचा हात तिला खरा वाटत नसेल," ती म्हणाली. "मिस्त्री, तुम्हीच या. मागून नुसतं मनगट धरायचं."

"पोरीवर हात टाकू?"

"धरायचा आहे, टाकायचा नाही. चपला, अंगठी, घड्याळ काढून या."

मिस्त्री हसला. त्याने चपला सरकवल्या, अंगठी ओढून काढून खिशात टाकली. मग पट्टा सोडला आणि घड्याळ बाकाच्या फळीवर पालथं ठेवलं. टक् असा आवाज झाला.

चिमणी पाठमोरी उभी होती. तिच्या मानेवरचा स्नायू सुतळीसारखा ताठ झाला. मिस्त्रीने तीन पावलं टाकली, हात पुढे केला.

"चल चिमणे, दाखव बघू..."

ती वळली. डोळे मिटलेले नव्हते. तळहात खालून आला आणि त्याच्या नाकातलं मऊ हाड करकन मोडलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. गुडघा पोटात शिरला, तसा तो दुमडून गादीवर कोसळला, आणि ती त्याच्यावर आली. एक शब्द न बोलता ती मारत सुटली, डोक्यावर, दंडावर, कानशिलावर, पुन्हा कानशिलावर. ओठाचा एक टाका तुटला आणि तिचं रक्त त्याच्या सदऱ्यावर गळू लागलं.

बाईने कमरेत हात घालून तिला उचललं.

"दोन वार म्हटलं होतं मी."

"मोजले नाहीत," चिमणी धापा टाकत म्हणाली.

मिस्त्री खाली पडून होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपली हनुवटी छातीला टेकलेली आहे आणि दोन्ही तळवे कानांवर आहेत. ते हात खाली घ्यायला त्याला वेळ लागला.

बाईने ओला टॉवेल आणून दिला. तो नाकावर धरून मिस्त्री बाकावर बसला.

"मी अजून तिला हातसुद्धा लावला नव्हता," तो टॉवेलमधून म्हणाला.

"हो," बाई म्हणाली. "पाहिलं मी." आणि बाकावरच्या पालथ्या घड्याळाकडे एकदा बघून ती टेबलाकडे गेली.

चिमणी आधीच तिथे उभी होती. ओठाला रुमाल लावून अर्ज भरत होती. अक्षर वाकडं येत होतं, पण ती थांबत नव्हती.

"हेच ठरलं का?" बाईने विचारलं.

"हो. अजून एक अर्ज द्या. पन्नाशीच्या बाईला घेता ना?"

"घेते की. फक्त त्या वयात आधी पडायला शिकवावं लागतं. महिना त्यातच जातो."

"पडायला येतं तिला," चिमणी म्हणाली. "पुढचं शिकवा."

मिस्त्रीने टॉवेल काढून त्यावरचं रक्त पाहिलं. मग टॉवेल पुन्हा नाकावर धरला. खालच्या छापखान्याचं यंत्र खडखडत होतं, त्याने फळी बारीक थरथरत होती, आणि तिच्यावरचं घड्याळ हळूहळू कडेकडे सरकत होतं. त्याने ते उचललं. मनगटावर ठेवलं, पण रक्ताने ओली बोटं घसरत होती, पट्टा कडीत जाईना.

चिमणी दोन्ही अर्जांच्या घड्या करत त्याच्याजवळ आली. खाली बसली. त्याचा हात तिने आपल्या गुडघ्यावर घेतला, पट्टा कडीतून ओढला, नेहमीच्या भोकावरून पुढे नेला आणि एक भोक आवळून बांधला.