इस्त्रीचा चटका

"हा घ्या तुमचा हात," असं म्हणून बाईंनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्ची रिकामी असूनही उभ्याच राहिल्या.

हातमास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. पिशवी उघडायची गरज नव्हती. इस्पितळाच्या मागच्या बाजूच्या या कारखान्यात कृत्रिम अवयव बनत. पाय करणारे तिघे होते, हात करणारे हे एकटेच, म्हणून हातमास्तर. तीस वर्षांत त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी अपघातात त्यांचा डावा हात मनगटापासून गेला, आणि खोटा हात लावून घ्यायला त्या आठ महिने तयार नव्हत्या. त्यांना पटवता पटवता मास्तरांनीच हात टेकले होते.

"घट्ट होतोय का?" मास्तरांनी विचारलं. आपण वेड पांघरतोय हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

"घट्ट नाही, सैल नाही. काल बसमध्ये पुढच्या सीटवर टेकवला होता. शेजारच्या मुलीने फोनमधला फोटो बघितला, मग माझा हात बघितला. म्हणाली, अय्या, सेम टु सेम! तेवढ्यात मागच्या माणसाने ओढला. सुटूनच आला तो. आणि सगळी बस हसली, मास्तर."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले ना. म्हटलं, द्या माझा हात. तर म्हणतो, आधी चिठ्ठी कुठेय ते सांगा."

मास्तरांनी मान खाली घातली. चिठ्ठी काय ते त्यांना ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी एक जाहिरातवाला आला होता. गोड बोलणारा, बसल्या जागी पाय हलवणारा. एका कार्यक्रमाच्या सजावटीसाठी त्याला बाईमाणसाचे तीनशे डावे हात हवे होते. व्यवस्थापक हरखले. मास्तरांनी एवढंच विचारलं, "सगळे डावेच?"

"डावा जास्त एकटा दिसतो," जाहिरातवाला म्हणाला.

तिथेच पाल चुकचुकली होती. पण त्याने नमुन्याचा हात उचलला, नखांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही कारागीर नाही, कलाकार आहात." तीस वर्षांत लोकांनी या टेबलाशी रडून घेतलं होतं, शिव्या दिल्या होत्या, आशीर्वादही दिले होते, कलाकार कुणी म्हटलं नव्हतं. गडी पाघळला.

बायकांच्या डाव्या हाताचा साचा कारखान्यात एकच होता, आणि तो मास्तरांच्या बायकोच्या हाताचा होता. वीस वर्षांपूर्वी तिने तो कुरकुरत दिला होता. "स्वयंपाक पडलाय आणि मी इथे राड्यात हात घालून बसलेय," असं म्हणत अर्धा तास बसली होती. अंगठ्याच्या मुळाशी तिला इस्त्रीचा चटका बसलेला होता, छोट्या होडीच्या आकाराचा, जरा वर उचललेला. मास्तरांचाच शर्ट ती इस्त्री करत होती. यांनी आतून उगाचच हाक मारली, तिने मागे वळून बघितलं, आणि तेवढ्यात चटका बसला. तो साच्यात जसाच्या तसा उतरला. एरवी मास्तर प्रत्येक हातावरचा तो चटका घासून काढत आणि ज्याचा हात त्याची खूण घालत. कुणाचा तीळ, कुणाची विळी लागल्याची रेघ. ज्या हाताला कधी काही झालेलं नाही तो हात कुणाचाच वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. फक्त बाईंनी सांगितलं होतं, "राहू द्या. मलाही होता, इथेच कुठेतरी." त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

तीनशे हातांवरचा चटका मात्र मास्तरांनी काढला नाही. घाई होती हे खरं. पण घाईपेक्षा मोठं खरं हे की, त्या खुणेमुळे हात जिवंत दिसत होते आणि जाहिरातवाल्याने पुन्हा एकदा कलाकार म्हणावं असं त्यांना वाटत होतं.

मग एका सकाळी ते हात गावभर सापडले. बागेतल्या बाकांवर, बसच्या सीटांवर, वाचनालयात, पोस्टाच्या खिडकीशी. मनगटाला लाल रंग आणि दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'बाकीची मी खेळात आहे. शोध मला.' कुठलासा व्हिडिओ गेम बाजारात येणार होता. बागेत एक म्हातारा बेशुद्ध पडला. पोलीस धावले. वर्तमानपत्रांनी लोकांची अभिरुची कुठे चालली म्हणून गळे काढले आणि शेजारच्याच रकान्यात त्या हाताचा मोठा फोटो छापला. दुसऱ्या दिवशी गेमवाल्यांनी माफी मागितली. माफीपत्र इतकं सुबक होतं की ते हातांच्याही आधी छापून ठेवलेलं असावं. लोकांनी नावं ठेवली, आणि नावं ठेवत ठेवत गेम घ्यायला रांगा लावल्या.

मास्तरांच्या मुलीचा फोन आला होता. ती दुसऱ्या गावी असते. "बाबा, पहिल्या पानावर आईचा हात पडलाय. बाकाखाली."

"साचा आहे गं तो. हात नाही," मास्तर म्हणाले होते.

तिने फोन ठेवला. त्याला तीन आठवडे झाले, पुन्हा केला नाही.

"दुसरा करून देतो," मास्तर आता बाईंना म्हणाले.

"नको. रिकामी बाही कुणी ओढत नाही." बाई शेवटी खुर्चीवर बसल्या. "काम तरी काय होतं हो त्याचं? मुलं वही पुढे करायची, मी तो वहीवर ठेवायचे, वही सरकायची नाही. पण तेवढ्याने वर्गात बरं वाटायचं. आता शाळेतसुद्धा बाही खिशात खोचूनच जाणार."

"आठवडा द्या मला. चटक्याशिवाय करतो."

बाई उठल्या. मग म्हणाल्या, "करा. लावीनच असं नाही सांगत." आणि पिशवी तिथेच ठेवून गेल्या.

दुपारी जाहिरातवाला उड्या मारतच आला, मागोमाग व्यवस्थापक.

"मास्तर, धुमाकूळ घातलाय आपण! आणखी दोनशे लागतील. पण खूण तीच हवी हं. लोक खुणेवरून ओळखतात. टी-शर्टवरसुद्धा छापतोय."

"तो इस्त्रीचा चटका आहे," मास्तर म्हणाले.

"खरंच? भारी! हेही वापरू कुठेतरी."

"बागेत म्हातारा पडला."

"फुलं पाठवली की त्यांना."

"मी नाही करणार."

व्यवस्थापक खाकरले. "मास्तर, असं तोडू नका. साचा काही तुमच्या घरचा नाही, कारखान्याचा आहे. उद्यापासून पायवाल्यांपैकी दोघांना बसवतो. तुम्ही आराम करा."

साचा खरोखरच कारखान्याचा होता. त्यावर नंबरही घातलेला होता.

ते दोघे गेल्यावर मास्तरांनी कपाट उघडलं. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून रोज सकाळी कामाला बसण्याआधी ते साच्याच्या आत एक बोट घालत आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेली ती होडीसारखी खाच चाचपून बघत. कुणाला हे माहीत नव्हतं. मुलीलाही नाही. घरी फोटो होते, पण फोटोला हात लावला तर काच लागते.

एकट्या बाईंच्या हातावरचा चटका नेहमीसारखा घासता आला असता. पण साच्यात खाच असेतोवर दोनशे निघाले असते, आणखी दोनशे निघाले असते, आणि तसले हात गावभर असताना बाईंचा हात, खूण नसली तरी, कुणीतरी पुन्हा ओढलाच असता. मास्तरांनी बशीत पुट्टी कालवली. सुरीच्या टोकाने ती खाचेत भरली, दाबली, वाळू दिली आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासली. काम जेमतेम तासाभराचं होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो नुसता थकवा, अंगातलं सगळं कुणी काढून घ्यावं तसा.

पायवाल्यांनी काढलेला पहिला हात बघून जाहिरातवाल्याने नाक मुरडलं. "हा कुणाचाही वाटतो," म्हणाला. पुन्हा तो फिरकला नाही.

आठवड्याने बाई आल्या. मास्तरांनी नवा हात बसवला, बाही नीट केली. बाईंनी उजव्या अंगठ्याने ती जागा चाचपली.

"अगदीच कोरा झाला."

"तुमची काही खूण सांगा. घालतो."

बाई विचारात पडल्या. "राहू द्या. शाळेत पडेल आपोआप एखादी," म्हणाल्या आणि हात पिशवीत न घालता तसाच लावून निघाल्या. खिडकीतून मास्तरांना बसथांबा दिसायचा. बस आली, बाई चढल्या, बस गेली.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला. "आईचा हात आता कुठे दिसणार नाही," म्हणाले.

"कुठेच?" तिने विचारलं.

"कुठेच नाही."

या वेळी तिने फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडल्यावर सवयीने मास्तरांचं बोट साच्यात गेलं. अंगठ्याच्या मुळाशी त्यांनी ते एकदा फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. काम चोख झालं होतं, बोटाला काहीच लागत नव्हतं. त्यांनी कपाट बंद केलं आणि ते कामाला बसले.