डब्याचं झाकण

हर्षाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती हिंदी शाळेच्या फाटकातच. महिनाभर तिच्या लेकाचा, सुमेधचा डबा भरलेलाच परत येत होता. घरी आल्या आल्या मात्र "आजोबा, भूक!" म्हणून तो रामरावांच्या गळ्यात पडायचा. शाळेत नखरे करतो म्हणून हर्षानं त्याला रोज फैलावर घेतलं. आज मॅडम सहज बोलून गेल्या, "उससे ढक्कन ही नहीं खुलता जी. पेन्सिल भी छूट जाती है. घर में कुछ खुद करता है क्या?"

चार वर्षांचं पोर उपाशी बसत होतं! "टीचर को क्यों नहीं बोला?" हर्षानं सुमेधला विचारलं, तर तो म्हणाला, "आजोबा खोलते हैं ना."

शहरातल्या गोरखपूर भागाच्या बाजारातून घरी येईपर्यंत ती धुमसत होती. आधी मॅडमचा राग आला, त्यांच्या डोळ्यांना काय झापडं होती? मग स्वतःचा आला. घरात पाऊल टाकल्यावर मात्र तो राग नेमका सासऱ्यांवर जाऊन बसला. रामराव फॅक्टरीतले निवृत्त फिटर, नातवावर जीव ओवाळून टाकणारे. भात तेच भरवणार, बटणं तेच लावणार, जिन्यावरून कडेवर नेणार. अति तिथं माती म्हणतात, इथे तर पोराला मातीलाही हात लावू दिला नव्हता.

आताही ते मटार सोलून दाणे सुमेधच्या तोंडात घालत होते.

"बाबा, हात मागे घ्या!"

"काहून? काय झालं?"

"तुमचा नातू शाळेत उपाशी मरून राहिला! डब्याचं झाकण नाही उघडत त्याच्यानं. तुम्ही काही करूच देत नाही त्याला."

"अवं, लहान आहे तो."

"लहान आहे म्हणूनच आता शिकू द्या. मोठा झाल्यावर शाळेत जाऊन भरवणार काय?"

रामरावांचा चेहरा उतरला. हर्षानं एक शेंग सुमेधच्या हातात कोंबली. ती निसटली. तो रडला, शेंग आजोबांपुढे धरली. रामरावांचा हात पुढे आला आणि हर्षाकडे बघून मागे गेला. मग त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. सुमेधनं शेंग फेकली, पुन्हा उचलली, दातांनी चावली. शेवटी ती कशीबशी फुटली आणि दाणे घरभर उडाले.

आता रोज त्याच्यापुढे शेंगा, कणकेचा गोळा, स्वतःच्या शर्टाची बटणं. रोज रडारड आणि रोज हर्षाची कटकट.

एका दुपारी दप्तरातून तेल गळत आलं.

"अरे, सारी पुस्तकं नासवली!" रामराव ओरडले.

डबा उघडाच होता, झाकण तळाशी पडलेलं. आत भाजीचा नुसता रस्सा माखलेला, पोळीचा तुकडाही नाही.

"नासू द्या," हर्षा म्हणाली. "झाकण लावायचं उद्यापासून शिकवू."

त्या दुपारी सुमेधनं आजोबांकडे खायला मागितलं नाही.