मागच्या सीटवरचं वजन

आमच्या ह्यांना गाडी घ्यायची होती असं मी म्हणणार नाही. त्यांना गाड्यांची तुलना करायची होती. सुधाकर निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात आलेला माल तपासून घ्यायच्या खात्यात होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मालात खोट काढली आणि त्याचा पगार घेतला. आता तेच काम ते घरी फुकटात करतात. भाजीवाली, रिक्षावाला, मी, कोणी सुटत नाही.

जुनी गाडी विकली तेव्हा मी म्हटलं होतं, महिन्याभरात नवी घेऊन टाका. मला ती माझ्या आईसाठी हवी होती. आई, म्हणजे कृष्णाबाई, विरारजवळ नंदाखालच्या वाडीत एकटी राहते. बाबा गेल्यापासून तिने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. केळी, माड आणि विहीर, एवढ्यात तिचा दिवस जायचा. वसईला आमच्याकडे चल म्हटलं की म्हणायची, माझं काय काम तिकडे? लग्नाचं आमंत्रण येवो की बारशाचं, उत्तर तेच. हल्ली तर बोलणंही कमी झालं होतं. ही अशी बसल्या जागी संपून जाईल याची मला फार भीती वाटायची. दारात स्वतःची गाडी असली की तिला बाहेर काढता येईल, असा माझा साधा विचार.

ह्यांचं काही साधं नसतं. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रिड घ्यायची, इथपर्यंत एका दिवसात ठरलं. मग वही आली. वहीत एक लाल हायब्रिड, एक पांढरी हायब्रिड आणि ताडून बघायला एक साधी पेट्रोलची. लाल गाडी मायलेजला सरस, पण अपघाताच्या चाचणीत तिला एक स्टार कमी. पांढरीला सगळे स्टार, सहा एअरबॅग, पण साध्या गाडीपेक्षा साडेतीन लाख जास्त. आमच्या फिरण्यात हे साडेतीन लाख पेट्रोलच्या बचतीतून वसूल व्हायला बावीस वर्षं लागतील, असं ह्यांनी गणित मांडून काढलं. तेव्हा हे चौऱ्याऐंशीचे असतील. मी विचारलं, तेव्हा गाडी चालवणार कोण? तर म्हणाले, जास्त फिरलं की लवकर वसूल होतील.

कंपनीने छापलेल्या मायलेजवर ह्यांचा विश्वास नाही. टाकी काठोकाठ भरायची, ठरलेल्या रस्त्याने पन्नास किलोमीटर जाऊन यायचं, पुन्हा टाकी भरायची आणि किती पेट्रोल प्यायली ते बघायचं. साधी गाडी शोरूमच्या संकेतने एकदाच दिली आणि पुन्हा ह्यांचा फोन उचलायला तो कचरू लागला. लाल गाडी आईच्या शेजारच्या पीटरची, पांढरी ह्यांच्या विरारच्या मित्राची. रविवारी आलटून पालटून हे त्या मागून आणायचे. टाकी भरून परत मिळते म्हटल्यावर दोघांचीही काही हरकत नव्हती.

रस्ता नेहमी एकच. नंदाखालहून निघायचं, नालासोपाऱ्याच्या गर्दीतून हायवेला लागायचं, चिंचोटीच्या फाट्यापर्यंत जाऊन परत. हायब्रिड गाडी ट्रॅफिकमध्ये बॅटरीवर सरकते, पेट्रोल जळत नाही. त्यामुळे पुलावर गाड्या तुंबल्या आणि सगळं जग वैतागलं की आमचे हे खुलायचे. एकदा तर पुढचा रस्ता मोकळा दिसल्यावर ह्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे.

आणि प्रत्येक वेळी गाडीत वजन सारखंच हवं. पहिल्याच रविवारी पीटरच्या गाडीची किल्ली खेळवत हे आईच्या ओटीवर गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "आई, मागच्या सीटवर पन्नास किलो वजन लागतंय. तांदळाची गोणी ठेवली तर वळणावर घसरते. तुम्ही बसाल का?"

मी कपाळाला हात लावला. सासूला गोणीच्या जागी बसवणारा जावई अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल. पण आई उठली आणि साडी बदलून आली. वाडीत कोणी कामाला हाक मारली की हातातलं टाकून जायचं, केळ्यांचे लोंगर उचलायला असो की मांडव घालायला, हेच ती जन्मभर करत आली. काम आहे म्हटल्यावर नाही म्हणणं तिला येतच नाही.

मग दर रविवारी आई तयार. दुसऱ्या महिन्यापासून ती मतंही देऊ लागली. ही गाडी सुरू झालेली कळत नाही, चोरासारखी निघते. त्या गाडीची सीट फार आत, उठताना कंबर धरते. हे गाडी बाजूला घेऊन सगळं वहीत उतरवून घ्यायचे. आई बोलत होती याचा मला आनंद होता, पण या दोघांमुळे गाडी काही दारात येईना. वर्ष झालं. जानेवारीपासून किमती वाढणार असं संकेतकडून कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. ह्यांना न विचारता शोरूमला गेले आणि पांढरी गाडी बुक करून आले.

हे चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही मिटून ठेवली. मग म्हणाले, "गाडी घेतली की तुलना संपली. मग आई काय म्हणून येणार?"

"म्हणजे?"

"पांढरीच घ्यायची हे मला तिसऱ्या रविवारीच कळलं होतं, लतिका."

वर्षभर या माणसाला मी चिकट म्हटलं, किचकट म्हटलं, बहिणींना फोन करकरून त्याची टिंगल केली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त धास्ती वाटली. कारण बुकिंग मी करून बसले होते.

गाडी आली. पहिल्या रविवारी आम्ही नंदाखालला गेलो तर आई घरातल्याच साडीत, ओटीवर केळीची पानं पुसत बसलेली. गाडीकडे बघून म्हणाली, चांगली हाय. आता माझं काय काम?

ह्यांनी तयारी करून आणली होती. नवीन इंजिन आहे, पहिले हजार किलोमीटर नोंद ठेवावी लागते, मागचं वजन तेच हवं, असं बरंच सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"जावयबापू, वरीसभर गोनीच्या नावानं मला फिरवलंत. मी काय येवढी येडी नाय. पन तुमी काम सांगत होतात, म्हनून मलाबी गाडीत बसता येत होतं. आता ते पुरे."

ती आत निघून गेली. आम्ही दोघं नव्या गाडीपाशी उभे. हे वहीची पानं उलटत होते, आणि मला तर त्यांच्याकडे बघवेना. घाई मीच केली होती.

पाचेक मिनिटांनी आई बाहेर आली. अंगावर चांगली साडी, हातात पिकल्या केळ्यांची पिशवी. तिने दाराला कुलूप लावलं.

"आज वजन म्हनून नाय येत," ती म्हणाली. "दर रयवारी चिंचोटीच्या फाट्यावरनं गाडी मागं वळवत होतात. तिथनं फुडं कामनला माझी बहीन राहते. वजनाला आलेल्या मानसानं रस्ता कसा सांगायचा, म्हनून गप बसत होते. आज मला तिच्याकडं न्या."

दमयंतीमावशी. बाबांच्या तेराव्यानंतर दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. आणि आम्ही वर्षभर तिच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर जाऊन परत फिरत होतो, पेट्रोल मोजत. ह्यांनी आईला आणि मी ह्यांना वर्षभर काय काय विचारलं, पण कुठे जायचंय हे आईला दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

मी पुढचं दार आईसाठी उघडलं आणि मागे बसले. आई येतेय म्हणून सांगायला मावशीला फोन लावला. तिने दोनदा विचारलं, कोण येतंय म्हणालीस? ते आईनेच सांगावं म्हणून मी फोन पुढे तिच्या हातात दिला.