टीनासाठी दोन रचना

टीना गेल्याचं उदाराम सलामेला नवव्या दिवशी कळलं. तिच्या बापाने, केशोराव पटलेने, फोन केला नव्हता. चिठ्ठी लिहिली होती. उदारामच्या गावी, दरेकशात, फोन नीट लागत नाही हे एक कारण. दुसरं असं, की शाळेच्या वसतिगृहापासून हे दोघे मित्र महत्त्वाचं ते कागदावरच बोलत आले होते. केशोराव बोलायचा तसंच लिहायचा. ‘टीना गेली. आता येऊ नोको. तिच्यासाठी काही बांध. वरसीले वाजवू.’

उदाराम संगीत रचायचा, पण गुणगुणता येईल असं त्यात काही नसे. चाल नाही, ताल नाही. व्हायोलिनची तार खरवडल्यासारखी वाजायची, लोखंडी पत्रे घुमायचे, मध्येच मिनिटभर सगळे गप्प. नागपुरात रेल्वेची नोकरी करता करता तो चर्चमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडे हे शिकला आणि नोकरी सोडून गावी परतला. पुण्यात त्याचे कार्यक्रम झाले, एकदा परदेशातही. दरवेळी पाठीशी केशोराव. त्याची गोंदियात राईस मिल होती. ऐकणारे अर्ध्यातून उठून जायचे. केशोराव पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसायचा आणि आठवड्याने लिहायचा, ‘समजलं नाही. पन खोटं नव्हतं.’ तीस वर्षं हेच चाललं होतं.

टीनाला सिकलसेल होता, अंग ठणकवणारा रक्ताचा आजार. ती जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात उदाराम दवाखान्यात भेटायला गेला, तेव्हा ती पलंगाची कड धरून बसली होती. तेवीस वर्षांची मुलगी. ओरडत नव्हती. दात आवळून नाकातून एक बारीक, सपाट आवाज काढत होती, श्वास संपेपर्यंत. थांबायची. मग परत. केशोराव तिचे तळपाय चोळत होता. उदाराम ती दुपारभर तिथेच बसला.

रचना लिहायला बसल्यावर उदारामला दुसरं काही ऐकूच येईना. त्याने तो आवाज उतरवला आणि पान फाडलं. हे बापाला कसं ऐकवायचं, असं तो बायकोला, दुर्गाला म्हणाला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने गोड चाल बांधली, अंगाईसारखी.

वरसीला, म्हणजे वर्षश्राद्धाच्या दिवशी, गोंदियाच्या एका सभागृहात ती वाजली आणि माणसं हमसून रडली. टीनाच्या आईने, सत्यभामाने, त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. नातेवाइकांनी मोबाइलवर चाल भरून घेतली. केशोराव समोर बघत राहिला.

चार दिवसांनी त्याची चिठ्ठी आली. ‘सारे रडले. मी नाही. तू माह्यावर दया केली. त्या दुपारी तू होता तिथं, तू बी आयकलं. मी रोज आयकून राहिलो, एकटाच. मले वाटे, आनखी एक मानूस आहे आयकनारा.’

उदाराम दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी फाडलेलं पान त्याने आठवून पुन्हा लिहायला घेतलं. त्याला दोन महिने लागले. सहा मिनिटं, एक व्हायोलिन, बाकी काही नाही. ‘घेऊन येतो,’ एवढंच त्याने कळवलं.

केशोरावच्या बैठकीच्या खोलीत त्याने ती स्वतः वाजवली. सत्यभामा चहा घेऊन येत होती. पहिला श्वास संपायच्या आत तिने तो आवाज ओळखला. कप खाली ठेवून ती भिंतीला टेकली.

“भाऊजी, बंद करा,” ती म्हणाली.

उदारामचा हात थांबला. केशोराव मान वर न करता म्हणाला, “वाजव.”

त्याने वाजवलं. संपलं तेव्हा सत्यभामा दारात उभी होती.

“माही पोरगी तरफडून राहिली होती,” ती उदारामला म्हणाली, “आन् तुम्ही ते ध्यानात ठेवून राहिले होते?”

उदारामने व्हायोलिन खाली ठेवलं. केशोराव रडत होता, टीना गेल्यापासून पहिल्यांदाच. बायकोकडे त्याने पाहिलंही नाही. त्याच संध्याकाळी ती भावाकडे बालाघाटला निघून गेली.

महिन्याने शेवटची चिठ्ठी आली. ‘ती परत यायले तयार आहे. तिची एक अट आहे, तुह्यं नाव या घरात नोको. तिचं बरोबर आहे. तुह्यं बी बरोबर होतं. मले आता तिच्याच संगं राहाचं आहे. लिहू नोको.’

उदारामने लिहिलं नाही. दिवाळीनंतर केशोरावला अर्धांगाचा झटका आल्याचं गोंदियाहून आलेल्या एका गाववाल्याने स्टेशनवर सांगितलं. बोलणं गेलंय, उजवा हात गेलाय, माणसं मात्र ओळखतो.

दुर्गाने पिशवी भरायला घेतली. सकाळच्या गाडीने जाऊन या म्हणाली.

“नाही,” उदाराम म्हणाला. “त्यानं नोको म्हटलं.”

“तवा म्हटलं. आता ‘ये’ म्हनाचं असन तरी तो कसा म्हनन?”

उदाराम उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. दुर्गाने थोडा वेळ वाट पाहिली, मग पिशवीतले कपडे काढून परत दोरीवर टाकले.