एका तासाची बंद खिडकी

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच संशय येईल. ज्या चष्मेवाल्याची ही गोष्ट, त्याने घासलेली भिंगं लावून एक गिऱ्हाईक समोरच्या इमारतीतल्या माणसाच्या हातातला पेपर वाचायचं, आणि तो पेपर उद्याचा असायचा! इथेच ज्यांना हसू फुटलं, त्यांना पुढचं पचायचं नाही.

तर दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी, चष्मेवाल्याचा एक जुनाट कॉम्प्युटर घरघरत असे. तो त्याचा सर्व्हर. चारशे रिकामटेकडे त्यावर दिवसभर गेमच्या आणि फुकटच्या सॉफ्टवेअरच्या गप्पा हाणायचे. असे हजारो सर्व्हर जगात आहेत. एक मोठी इमारत समजा, जिला मालकच नाही. ज्याची त्याची खोली, आणि खोल्याखोल्यांमध्ये उघड्या खिडक्या. कुणाकडची खिडकी लावून घ्यायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. चष्मेवाल्याला खिडक्या लावून घेण्याची भारी हौस. विनोदाला हसली नाही म्हणून त्याने सख्ख्या बायकोला दोन दिवस ब्लॉक केलं होतं. ती म्हणाली, लग्नानंतर इतकी गाढ झोप पहिल्यांदाच लागली.

पण त्याचं खरं वैर एकाच खिडकीशी होतं. ती धाकट्या भावाची.

दोघा भावांनी मिळून एक गेम लिहिला होता, नावांच्या, म्हणजे होड्यांच्या, लढाईचा. कोड सगळ्यांसाठी खुला. कुणीही घ्या, कुणीही बदला. मग भांडण पेटलं. थोरला म्हणे, बुडालेली नाव बुडाली, विषय संपला. धाकटा म्हणे, तिला एक डाव परत द्यावा. सात महिने वाद चालला. शेवटी धाकट्याने त्याच कोडची नक्कल उचलली, वेगळी चूल मांडली, आणि नावेला परत डाव दिला. लोक धावत तिकडे गेले. थोरल्याच्या गेममध्ये उरले अकरा जण, त्यातले तीन तो स्वतःच. जमिनीवरून भावाभावांचं फाटतं, तसं यांचं कोडवरून फाटलं. नऊ वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही. फोन नंबरसुद्धा बदलले. खिडकी मात्र दोघांनीही उघडी ठेवली होती. दुसऱ्याचं कसं वाटोळं होतंय ते बघायला, असं चष्मेवाला म्हणायचा.

एका सोमवारी त्या खिडकीतून खाजगी मेसेज आला.

"दादा, डोक्यात गाठ निघालीय. बोटं ऐकत नाहीत. गुरुवारी सकाळी अकराला ऑपरेशन आहे. माझा गेम तुझ्या हवाली करायचाय. हो म्हण, नाही म्हण, पण त्याआधी काहीतरी बोल."

चष्मेवाल्याने तो चारदा वाचला. छातीत काहीतरी हललं, नाही असं नाही. पण नऊ वर्षं वाट पाहून हातात आलेली मजा एका 'हो'वर उधळायला तो काय खुळा होता?

"तीन दिवस आहेत ना," तो बायकोला म्हणाला. "जरा तडफडू दे. बुधवारी रात्री हो म्हणतो."

"आत्ता म्हटलंत तर जीभ झडेल का?"

"तुला यातलं कळत नाही."

मंगळवारी त्याने काय करावं? त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून चारशे जणांपुढे टांगला. वर लिहिलं, 'बोटं ऐकत नाहीत म्हणे. यांनी तरी कधी कुणाचं ऐकलं होतं?' मग काय विचारता! बोका नावाचा एक टवाळ होता, त्याने लिहिलं, 'बुडाली वाटतं नाव. द्या हो एक डाव परत!' दोनशे जणांनी त्यावर हसरे चेहरे डकवले. चष्मेवाल्याने प्रत्येक चेहरा मोजला. धाकट्याच्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर गोडी होती.

बुधवारी रात्री हो म्हणायचं राहून गेलं. हसरे चेहरे अजून येत होते.

गुरुवारी सकाळी दहाला बोक्याने टूम काढली. 'मालक, तासभर त्यांची खिडकीच लावा. भुलीचं इंजेक्शन टोचायच्या आत बघू दे, आपल्याला कुणी विचारत नाही ते. अकराच्या आत उघडा आणि हो म्हणा. काय तोंड होईल!'

लगेच मतदान लागलं. फक्त एक शिक्षिका आडवी आली. रोज येणारी, कमी बोलणारी. तिने लिहिलं, 'मालक, बटणाखालची लाल अक्षरं वाचा. खिडकी लावली की धागे, म्हणजे यादीतली नावं आणि जुने मेसेज, कायमचे तुटतात, परत उघडली तरी जुळत नाहीत. आणि बंद असताना तिकडून आलेलं काहीच आपल्यापर्यंत पोचत नाही. नंतरसुद्धा नाही.'

'बाई, शाळा सुटली,' बोका म्हणाला.

चष्मेवाल्याने आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावली होती. स्वतःचा चष्मा कपाळावर सारून त्याने बटण दाबलं. दहा वाजून चार मिनिटं.

त्या तासात सर्व्हरचा पंखा इतका तापला, की म्हणे काउंटरवरच्या प्लॅस्टिकच्या फ्रेमा वाकल्या. टोमण्यांवर टोमणे पडत होते. चष्मेवाला गिऱ्हाइकाला डोळे तपासायच्या खुर्चीत तसाच सोडून मागच्या खोलीत खिदळत बसला होता. अकराला पाच कमी असताना त्याने खिडकी उघडली आणि टाइप केलं, 'बरं, घेतो तुझा गेम.' पाठवायला गेला तर धाकट्याचं नाव त्याच्या यादीतच नव्हतं. सोमवारचा मेसेज नव्हता. नऊ वर्षांत दुरून पाहिलेलं एक अक्षर नव्हतं. नाव शोधून, पत्ता हाताने घालून मेसेज पाठवेपर्यंत अकरा वाजून गेले.

उत्तर आलं नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी बोक्याने विचारलं, 'काय मालक, रुसला का पाहुणा?' चष्मेवाल्याने बोक्याला ब्लॉक केलं.

रविवारी दुकानाचा फोन वाजला. पाटीवरचा नंबर शोधून धाकट्याच्या बायकोने लावला होता.

"भावोजी, हे गेले. टेबलावरच."

चष्मेवाल्याने खुर्ची ओढली, पण बसायचं त्याला सुचेना.

"एवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली. "आत न्यायच्या आधी, साडेदहाला, तुम्हाला मेसेज पाठवला होता. यांचा जीव त्यातच अडकला होता. पोचला ना?"

दहा चार ते दहा पंचावन्न. हिशोब त्याच्या डोक्यात खाडकन झाला. नाही म्हटलं तर का नाही, तेही सांगावं लागणार होतं.

"पोचला की," तो म्हणाला.

"वाचलात?"

"शब्द न् शब्द."

"मग वाचून दाखवाल? एकदाच. मला ऐकायचाय."

चष्मेवाल्याने मोबाईलचा रिकामा स्क्रीन डोळ्यांपुढे धरला. घसा साफ केला. आणि मेलेल्या भावाच्या तोंडी घालायला त्या गृहस्थाला काय सुचावं?

"दादा," तो वाचल्यासारखं, थांबत थांबत म्हणू लागला, "चूक माझीच होती. तू म्हणत होतास तेच बरोबर. मला माफ कर. तुझाच, धाकटा."



"भावोजी," ती म्हणाली, "यांचे हात कुठे चालत होते? तो मेसेज मी टाइप केला होता. त्यात यातलं एक अक्षरही नव्हतं."