निम्मं आटवलेलं पाणी

मी पातेलं बोलतंय. जाड बुडाचं, दोन कानांचं, पोटानं ऐसपैस. कारखान्यात ठोकून-घासून मला आकार दिला, दुकानात मी वर्षभर धूळ खाल्ली, आणि मग या घरच्या सासूबाईंनी टिचक्या मारून, आवाज ऐकून मला पसंत केलं. सून बघतानाही त्यांनी एवढी चिकित्सा केली नव्हती म्हणे.

सुनेचं पहिलं बाळ पोटातच गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी कंबर कसली. अंगणातल्या बोअरचं पाणी माझ्यात ओतून त्या ते निम्मं आटेपर्यंत उकळायच्या. "अर्ध्यावर आलं की सगळा दोष गेला," असं ठामपणे सांगायच्या. सुनेला दुसऱ्या पाण्याचा थेंब मिळत नसे. मीही ऐटीत होतं. एवढ्या विश्वासाचं काम कढईला थोडंच मिळतं?

तरी सून फिकीच पडत चालली.

एक दिवस आरोग्य केंद्रातल्या सिस्टर तिला बघायला आल्या. कुंपणापलीकडच्या फुलबागेतल्या खताच्या गोण्या त्यांनी येताना पाहिल्या होत्या. त्यांनी बोअरच्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. ती गुलाबी झाली. माझ्यातल्या पाण्यात दुसरी बुडवली, ती आणखी गडद झाली.

"अहो, पण मी तर उकळून देते!" सासूबाई म्हणाल्या.

"उकळल्यानं जंतू मरतात, मावशी. हे खतातलं नायट्रेट आहे. पाण्याची वाफ होते, हे मागेच राहतं. निम्म्या पाण्यात दुप्पट!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे पहिलं बाळसुद्धा..."

"ते कशानं गेलं, कुणीच सांगू शकत नाही. पण आजपासून हे पाणी बंद. चढावरच्या नळाचं तपासलेलं आहे, ते आणा."

गुडघे कुरकुरत असतानाही सासूबाईंनी रोज तो चढ चढला. मुलगी झाली. जरा लवकर आली, मूठभर होती, पण घर डोक्यावर घेणारी. सगळ्यांनी तिला घेतलं. सासूबाई मात्र दारातच उभ्या.

"माझ्या हातात नको गं. ते पाणी मीच पाजलं."

"घ्या बरं मुकाट्यानं, आई. आजी काय मी भाड्यानं आणू?" म्हणत सुनेनं लेक त्यांच्या हातात दिलीच. मग दोघीही रडल्या.

आता माझ्यात नातीच्या अंघोळीचं पाणी तापतं. तुम्हाला एवढंच सांगणं आहे: घरात कुणाला दिवस राहिले असतील, तर मला चुलीवर चढवण्याआधी पाणी तपासून घ्या. चटक्यांचं मला काही वाटत नाही. पण "मीच पाजलं" म्हणून रडणारी आजी मला पुन्हा बघवणार नाही.