चिपवरचं हिरवं पाकीट

इनपुटची तार माझ्या हातात होती, म्हणजे चिपला कुणीच काही सांगत नव्हतं. आणि तरीही चिप बोलत होती. पडद्यावर तिच्या आवाजाच्या रेघा थरथरत होत्या.

"तार नीट काढलीयेस ना?" फानताईने दारातूनच विचारलं. ती मला नऊ वर्षांनी सीनियर. एरवी माझ्या खांद्यावरून वाकून बघणारी बाई, पण त्या दिवशी उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती.

"ताई, तार हातात आहे."

"मग ती कुणाशी बोलतेय?"

आमच्या पंचांगातला सातवा महिना चालू होता. या महिन्यात पाताळाचं दार उघडं असतं आणि भुतं सुट्टीवर येतात. सकाळीच कंपनीच्या फाटकाबाहेर टेबलं मांडून आम्ही त्यांना उदबत्त्या लावल्या होत्या. पीएच.डी. झालेली माणसं रांगेत उभी राहून भुतांना नूडल्सचे डबे दाखवत होती. त्यामुळे फानताईचा प्रश्न तांत्रिकही होता.

आमची चिप म्हणजे निरोप्या. लांबच्या तारेतून येता येता सिग्नल दमतो, पुसट होतो. ही मध्ये बसून तो उचलते, स्वच्छ करते आणि पुढे ढकलते, सेकंदाला बत्तीस अब्ज ठोके. कुणी बोलत नसेल तेव्हा तिने झोपायचं, म्हणजे वीज वाचते. झोपायचं की उठायचं हे ठरवणारा तिचा कान मी बनवला होता. झोपेत दोन मिलिवॉटच्या आत खायचं असं ठरलं होतं. सोमवारपासून ती झोपतच नव्हती आणि एकशेऐंशी खात होती.

तीन वाजता तायपेहून गिऱ्हाईक येणार होतं. त्यांच्यासमोर चिप झोपली नाही तर काम गेलं, आणि काम गेलं की कानवाला पहिला जाणार. मग आमचं गाव मियाओली, बाबांचा स्ट्रॉबेरीचा मळा आणि उरलेलं आयुष्य वाकून. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

घाम पुसायला मी हात वर नेला, तो बोर्डाच्या जवळून गेला आणि रेघा बदलल्या. हात लांब केला, पुन्हा पहिल्यासारख्या. परत जवळ नेला. माझ्या हाताला ती ओळखत होती. मानेवरचा केस न् केस उभा राहिला.

मग मला पाकीट दिसलं.

आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर मक्याच्या खाऊचं एक हिरवं पाकीट असतं. खाऊच्या नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग', म्हणून यंत्रंही तशी वागतात. पाकीट हिरवंच हवं; पिवळं चालत नाही आणि लाल ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. मुदत संपलेलं नको. फोडायचं नाही. चालू यंत्रावरून उचलायचं तर मुळीच नाही. टेस्टिंगमधल्या एकाने भुकेपोटी एकदा फोडलं होतं. त्या दुपारी अख्ख्या मजल्याची वीज गेली. तो आता विमा विकतो.

आमचं पाकीट शुक्रवारपर्यंत वीजपुरवठ्याच्या डब्यावर होतं. सोमवारी मशीन सुरू करण्याआधी मॅनेजर च्यूसाहेबांनी ते स्वतःच्या हाताने थेट चिपच्या डोक्यावर ठेवलं, कृपा जवळून लागावी म्हणून. आणि पाकीट आतून चंदेरी असतं. चिपचा आवाज त्या पत्र्यावर आपटून उघड्या इनपुटात परत येत होता. ती स्वतःचंच ऐकून स्वतःलाच उत्तर देत होती.

"ताई, भूत नाही," मी म्हणालो. "पाकीट आहे."

फानताईचा चेहरा आणखी उतरला. "भूत असतं तर बरं झालं असतं रे."

च्यूसाहेब धावत आले. "चालू मशीनवरून उचलायचं? सातव्या महिन्यात? वेड लागलंय?"

"बंद करून उचलू."

"मोजणीचं यंत्र पुन्हा तापायला दोन तास लागतात! गिऱ्हाइकाला काय स्ट्रॉबेऱ्या चारणार आहेस?" ते घुटमळले. "पाकिटालाच विचारू."

देवळात देवाला विचारायला दोन लाकडी चंद्रकोरी असतात. आमच्याकडे दोन मेलेल्या चिपा होत्या. एक उलटी, एक सुलटी पडली तर होकार. तार गळ्यात अडकवून मी पाकिटाला तीनदा वाकलो आणि चिपा टाकल्या. दोन्ही सुलट्या. म्हणजे ना हो, ना नाही.

"हसतंय आपल्याला," च्यूसाहेब पुटपुटले.

दुसऱ्यांदा दोन्ही उलट्या. म्हणजे स्वच्छ नकार. एसी सुरू असूनही माझा शर्ट पाठीला चिकटला. तिसऱ्यांदा एक सुलटी पडली आणि दुसरी कपाटाखाली गेली. फानताई शेवटी आत आली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "उलटी. उचल."

त्या अंधारात तिला काय दिसलं ते मी विचारलं नाही. दोन्ही हातांनी पाकीट उचललं. रेघ सपाट झाली. एक पूर्णांक आठ मिलिवॉट. चिप झोपली होती.

"मशीन चालू होतं?" मागून कुणीतरी विचारलं.

गिऱ्हाईक लवकर आलं होतं. ल्यावसाहेब, पांढरे केस, गळ्यात पाहुण्याचा पास, आणि नजर माझ्या हातातल्या पाकिटावर.

"हो," मी म्हणालो.

"पाकीट नसलेल्या मशीनवरचा आकडा मी कुठल्या तोंडाने परत नेऊ? आमच्या सर्व्हरच्या एकेका कपाटात अशी सहा पाकिटं आहेत, पोरा. सहा."

सहा पाकिटं, शेकडो कपाटं, आणि त्यात माझ्या चिपा दिवसरात्र स्वतःशीच बडबडताहेत. दोष पाकिटावर ढकलून देणं सोपं होतं, पण त्या खोलीत ते कुणी ऐकून घेतलं नसतं. शिवाय ते खरंही नव्हतं. एखादा खरा सिग्नल निसटेल या धास्तीने मीच कान फार तिखट ठेवला होता.

"पाकिटाची काही चूक नाही," मी म्हणालो. "कान माझा चुकलाय. कुजबूजही ऐकतो."

च्यूसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी पाकीट परत चिपवर ठेवलं. रेघा लगेच थरथरायला लागल्या. कीबोर्डवरून कान एक पायरी बोथट केला. काही नाही. दुसरी पायरी. रेघ सपाट. पाकीट डोक्यावर असतानाही एक पूर्णांक नऊ.

"झोपली," ल्यावसाहेब म्हणाले. "आता हाक मारली तर उठेल?"

याचीच मला भीती होती. बोथट कानाला दमलेला सिग्नल ऐकू आला नाही, तर ही चिप म्हणजे नुसता खडा. मी सिग्नल सोडायचं बटण दाबलं. सगळे पाकिटाकडे बघत हात जोडून उभे राहिले. रेघ सपाटच. दहा सेकंद. वीस. मला मळा दिसू लागला, त्यातले वाफेसुद्धा.

"वेइ-थिंग," फानताई हळूच म्हणाली, "तार अजून तुझ्या गळ्यात आहे."

मी तार लावली. चिप ताडकन उठली आणि बत्तीस अब्जांच्या वेगाने बोलू लागली, या वेळी दुसऱ्याचं ऐकून.

ल्यावसाहेबांनी सही केली, आधी पाकिटाला वाकून. "खोट त्यानेच दाखवली की नाही?" च्यूसाहेब त्यांना सांगत होते. नवी पायरी आता प्रत्येक चिपमध्ये आहे, ते मशीन तीन पाळ्यांत चालतं, बंद करायची कुणाला परवानगी नाही, आणि पाकिटाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

त्याची मुदत अकरा मार्चला संपते. त्या दिवशी ते चालू मशीनवरून कोण उचलणार, हा विषय अजून कुणी काढलेला नाही.